खैराचा कर्णा

कैनाडच्या काशीनाथला डहाणूपासून बोर्डीपर्यंतचे लोक ‘क्लारनेटवाला’ म्हणून ओळखत, आणि त्याच्या स्वतःच्या गावातले लोक मिरची-वांग्याची रोपे निगुतीने वाढवणारा शेतकरी म्हणून. दोन्ही ओळखी खऱ्या होत्या. पावसाळ्यात तो भातात असे, हिवाळ्यात सकाळच्या प्रहरी भाजीच्या वाफ्यांत, आणि मार्गशीर्षापासून वैशाखाअखेर जेव्हा म्हणून मुहूर्त असेल तेव्हा डहाणूच्या रामनाथशेठच्या बँडमध्ये. वाजवायला तो उशिरा शिकला. संस्थाने विलीन झाल्यावर एका लहान संस्थानाचा बँड मोडला, त्यातले एक वयस्क वादक दोनेक वर्षे डहाणूत स्टेशनाजवळ राहिले, त्यांच्याकडे. ते गेले तेव्हा आपले काळ्या लाकडाचे क्लॅरिनेट त्याला देऊन गेले. मात्र त्या वाद्याविषयीचे सारेच ज्ञान दोन वर्षांत देणे त्यांना शक्य झाले नसावे.

क्लॅरिनेट पाच तुकड्यांचे बनते. शेवटचा तुकडा म्हणजे कर्णा, धोतऱ्याच्या फुलासारखा उमलत गेलेला. पाहणाऱ्याला वाटते की सगळा आवाज तिथूनच बाहेर पडत असेल. तसे नसते. बहुतेक सूर उघड्या भोकांतूनच निघून जातात, कर्ण्यापर्यंत पोहोचतही नाहीत. सगळी भोके बंद केल्यावर वाजणारा सर्वांत खालचा सूर तेवढा पूर्ण नळी चालून कर्ण्याच्या तोंडाशी येतो. आणि तीच बोटे ठेवून अंगठ्याजवळची चावी उघडली की निघणारा एक वरचा सूर, तोही. कर्ण्याची सत्ता काय ती या दोन सुरांवर. काशीनाथ आठ वर्षे वाजवत होता आणि ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, कारण ती ठाऊक असण्याचा प्रसंगच आला नव्हता.

या दोन सुरांपैकी खालच्या सुराला त्या भागातल्या लग्नांत एक निराळेच काम मिळाले होते. किनाऱ्यावरच्या वाडीवाल्या घरांत मुलीच्या पाठवणीचे गाणे बायका म्हणत. मुलगी सासरी निघताना वाडीतल्या एकेका गोष्टीचा निरोप घेते, असे ते गाणे: विहिरीचा, चिकूच्या पहिल्या झाडाचा, गोठ्याचा, न्हाणीतल्या दगडाचा. प्रत्येक घरातल्या वस्तू निराळ्या, म्हणून ओळी दर लग्नात नव्याने जुळवाव्या लागत. हे काम बोर्डीच्या बायजाबाईंचे. ओळ त्या सांगत, बाकीच्या बायका ती उचलत, आणि दर ओळीअखेर सगळ्यांनी एकाच सुरावर येऊन थांबायचे. या वेळी बँडने गप्प राहावे अशी रीत होती. परंतु १९५२ च्या एका लग्नात बायजाबाई ओटीवरून म्हणाल्या होत्या, “काशा, तुझ्या त्या काळ्या नळीतून खालून एक आवाज निघतो ना, गायीच्या हुंकारासारखा? तो धरून बस. या पोरी प्रत्येक ओळीला गाणं माळ्यावर चढवून ठेवतात.”

काशीनाथने सर्वांत खालचा सूर धरला. तो बायजाबाईंच्या सुराच्या बरोबर एक सप्तक खाली होता. तीस ओळी झाल्या तरी गाणे जिथून निघाले तिथेच राहिले. त्या दिवसापासून बायजाबाई गाणार म्हणजे काशीनाथ त्यांच्या गुडघ्याशी बसणार, कर्ण्याचे तोंड त्यांच्याकडे करून, हे ठरूनच गेले. पुढे त्यांचे कान मंदावले. आधी पक्ष्यांचे आवाज गेले, मग लहान मुलांचे. तरी हा खालचा सूर त्यांना ऐकू येई. साठी ओलांडलेल्या, निम्म्या बहिऱ्या झालेल्या बाईचे गाणे त्या एका सुरावर उभे होते.

१९५८ च्या मार्गशीर्षात कर्णा मोडला. बँड एका लग्नाहून चिकूच्या ट्रकमधून परतत होता. वळणावर करंड्यांची रास घसरली आणि फळीला टेकवून ठेवलेल्या क्लॅरिनेटवर आली. कर्ण्याच्या काठाचे कडे पूर्ण तुटून रस्त्यात कुठे पडले ते सापडले नाही. कर्णा जिथे बसतो त्या सांध्यालाही केसाएवढी चीर गेली. काशीनाथने सांध्याला दोरा गुंडाळून मेण भरले आणि तो मुंबईला गेला.

तिथल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात सुटे कर्णे एका खोक्यात ठेवलेले होते. काशीनाथने पाच-सहा लावून पाहिले. लावून पाहिले म्हणजे प्रत्येक लावून वरातीची चाल वाजवली. बँडवाला दुसरे काय वाजवणार? त्या चालीत खालचा सूर येतच नाही, आणि वरचा सूर येतो तो धावता येतो. त्यामुळे सगळे कर्णे जवळजवळ सारखेच वाजले, जसे वाजायला हवेत तसेच, आणि काशीनाथने त्यांतल्या त्यात देखणा निवडला: काळ्या एबोनाइटचा, रुंद तोंडाचा, काठाला निकेलची कडी असलेला. रामनाथशेठनी तो उन्हात फिरवून पाहिला.

“आता दिसतोयस बँडवाला,” ते म्हणाले. “इतके दिवस मिरच्या विकायला आल्यासारखा उभा राहायचास.”

माघात बोर्डीला एक लग्न होते. वरात झकास वाजली. पाठवणीच्या वेळी काशीनाथ नेहमीप्रमाणे बायजाबाईंच्या गुडघ्याशी बसला आणि त्याने खालचा सूर धरला. सूर पातळ निघाला, आणि त्याच्या मनाला काहीतरी खटकले. काय ते कळण्याच्या आत बायजाबाईंनी ओळ सांगितली होती. दुसऱ्या ओळीला त्या अडखळल्या, तिसरीला सूर शोधत वर सरकल्या. बाकीच्या बायका सवयीच्या जागी थांबल्या, त्यामुळे एकाच गाण्याचे दोन तुकडे ऐकू येऊ लागले. नवव्या ओळीनंतर बायजाबाईंनी हात वर केला.

“पोरींनो, तुम्ही पुरं करा. माझे कान गेले.”

मुलगी मोटारीत बसली, मोटार गेली. बायजाबाई ओटीवरून उतरताना काशीनाथला म्हणाल्या, “वैशाखात रतनचं लग्न आहे. तिथे मी गाणार नाही. नातीच्या लग्नात हसं नको.”

रतन ही त्यांच्या धाकट्या मुलाची मुलगी. तिच्या पाठवणीच्या ओळी बायजाबाई वर्षभर मनात जुळवत होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होते. काशीनाथ तसाच उठला आणि बोर्डीच्या शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांकडे गेला. त्यांनी पेटी काढली. काशीनाथने खालचा सूर धरला, मास्तरांनी तो सूर जिथे असायला हवा ती खर्जातली पांढरी दोन दाबली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सूर चढा होता. अर्ध्या सुराने नव्हे, पण ज्याला त्याच्यावर उभे राहायचे आहे त्याला पाडण्याइतका निश्चित. बायजाबाईंनी चूक केलीच नव्हती. त्या त्याच्या सुरामागे इमानाने चालत गेल्या होत्या, आणि दोष मात्र स्वतःकडे घेऊन घरी गेल्या होत्या.

सगळी बँडमंडळी जे वाजवतात तेच वाजवून आपण वाद्याचा तुकडा निवडला, हे काशीनाथच्या ध्यानात आले ते इथे. दुकानात एकदा, केवळ एकदा, सगळी भोके बंद करून फुंकले असते तरी पुरे होते.

मुंबईचे ते खोके तोवर विकले गेले होते. दुकानदाराने पत्राला तसे उत्तर पाठवले. तेव्हा मोडका कर्णा पिशवीत घालून काशीनाथ रानशेतला सुक्याकडे गेला. सुक्या खरादावर लाकूड कातून पाळण्याचे खांब, खाटांचे पाय, मुसळे करी. खराद हाताने फिरवायचा. त्याची बायको रखमी दोरी ओढी आणि सुक्या पटाशी धरी. मोडका कर्णा त्याने बराच वेळ आतून बोटाने चाचपला.

“बाहेरून तसाच करून देईन,” तो म्हणाला. “आतलं हे जे पोटाचं वळण आहे ना, ते माझ्या पटाशीला नाय यायचं. माझं भोक सरळ उघडत जाईल, नरसाळ्यासारखं.”

“आणि लांबी? काठ तर गेलाय.”

“लांबी कशाला मोजतोस? आमच्या तारप्याला कोण मोजतंय? तोंडाला ताडाचं पान गुंडाळायचं, फुंकायचं. आखूड वाटलं, आणखी एक पान.”

“अरे, मग तारपाच काढून दाखव ना.”

“चैत्रात?” रखमी दोरी सोडून हसली. “भात पिकलं नाय अजून, आणि ह्याला तारपा पाहिजे.”

तारपा, म्हणजे वारल्यांचे भोपळ्याचे ते लांब फुंकवाद्य, भात पिकल्याशिवाय काढायचा नाही अशी रीत, पण त्याची पद्धत वापरायला हरकत नव्हती. सुक्याने आधी सावरीच्या मऊ लाकडाचा एक आखूड कर्णा कातला, केवळ चाचणीपुरता. त्याच्या तोंडाला ताडाच्या पानाची पट्टी मेणाने चिकटवीत तो लांबी वाढवीत गेला. काशीनाथने मास्तरांकडून पेटीच्या आतल्या, सूर देणाऱ्या दोन सुट्या पितळी पत्त्या आणल्या होत्या, एक खालच्या सुराची, एक वरच्या. पत्ती तोंडात धरून वाजवायची, मग क्लॅरिनेट, मग पुन्हा पत्ती. पहिल्या पट्टीनंतर वरचा सूर बरोबर जुळला. खालचा अजून चढाच होता. आणखी एक पट्टी, आणखी एक. पहिल्या पट्टीच्या दोन बोटे पुढे खालचा सूर असा बसला की अंगणात पडलेल्या सुपातले दाणे हलताहेत असे रखमीला वाटले. परंतु आता वरचा सूर उतरला होता, आणि घसा बसल्यासारखा घोगरा येत होता.

सुक्याने कोळशाने दोन खुणा केल्या. “कुठे कापू?”

काशीनाथने दोन्ही खुणांवर पुन्हा वाजवून पाहिले. दोघांच्या मध्ये तिसरी एखादी जागा मिळते का, तेही पाहिले. तिथे दोन्ही सूर थोडे थोडे वाईट होते.

“वरचा कोण ऐकतो?” सुक्याने विचारले.

“सगळे. वरातीत मोक्याच्या जागी येतो.”

“आणि खालचा?”

“एक म्हातारी.”

“मग दोन कर्णे कातू.”

काशीनाथने त्याला सांध्यावरची चीर दाखवली. दोरा आणि मेण यांवर ती धरून होती. दर लग्नात कर्णा काढ-घाल केला तर एका लग्नसराईतच सांधा उकलला असता, आणि मग कर्णाच काय, वाद्यच उरले नसते. जो बसेल तो कायमचाच बसणार होता.

त्या दिवशी त्याने काहीच ठरवले नाही. पान गुंडाळलेला सावरीचा कर्णा पिशवीत घालून तो निघाला. घरी ते रूप पाहून त्याची बायको कुसुमबाई म्हणाली, “मुंबईचा माल बघितला, आता हा रानशेतचा. उद्या भोपळा लावाल.” तो हसला, पण जेवताना मन त्या दोन खुणांवरच होते. आपण मूळचे वरातीचे वादक, वरातीसाठीच आपल्याला बोलावतात, रामनाथशेठ त्याचसाठी पहिल्या रांगेत उभे करतात; हे सगळे त्याला दिसत होते. त्याचबरोबर आपल्या सुरामुळे एक बाई स्वतःला बेसूर समजून बसली आहे, हेही दिसत होते. पहिल्या गोष्टीत नुकसान त्याचे होते. दुसऱ्या गोष्टीत ते दुसऱ्या कोणाचे होते, आणि करणारा तो होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोर्डीला गेला. बायजाबाई वाडीत नारळाची झापे विणत होत्या. त्याने सगळे सांगितले. त्या ऐकत राहिल्या, निदान तसे दिसले.

“माझं मन राखायला आलास,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुझी आई पण अशीच होती. खीर करपली तरी म्हणायची, वास छान सुटलाय.”

“मावशी, मी बोलत नाही. तूच ऐक.”

आधी त्याने एबोनाइटचा कर्णा लावून खालचा सूर धरला. बायजाबाईंनी कपाळाला आठी घातली आणि झाप विणणे चालू ठेवले. मग सांधा जपत त्याने कर्णा काढला, पानाचा लावला, आणि पुन्हा तेच केले. बायजाबाईंचे हात थांबले. थोड्या वेळाने त्यांनी त्या सुराच्या वर एक सप्तक आपला आवाज ठेवला, अगदी बारीक, जिन्यावर पाय ठेवताना आधी पायरी चाचपावी तसा. मग पूर्ण ठेवला. काशीनाथचा श्वास संपेपर्यंत दोन्ही सूर हलले नाहीत.

“म्हणजे मी बहिरी नाही?”

“बहिरी आहेसच. बेसूर नाहीस.”

बायजाबाई पहिल्यांदाच हसल्या. “मेल्या, हे माघातच सांगायचं होतंस. माझ्या सोळा ओळी मी विसरूनसुद्धा गेले.”

परतताना काशीनाथ घरी न थांबता थेट रानशेतला गेला आणि सुक्याला लांबची खूण दाखवली.

सुक्याकडे एका मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या चाकाचा मधला गट्टू होता, खैराचा, वीसेक पावसाळे खाल्लेला. आता हे लाकूड तडकणार नाही, तडकायचे तेवढे तडकून झाले आहे, असे तो म्हणाला. खैर कातताना पटाशी चार वेळा पाजळावी लागली. कर्णा उतरला तो तांबूस, जड आणि सरळ तोंडाचा. त्यात देखणे काही नव्हते. काळ्या वाद्याला तो परक्याच्या पायातल्या वहाणेसारखा दिसत होता. काशीनाथने सांध्यावर नवा दोरा गुंडाळला, मेण भरले आणि कर्णा बसवला. यानंतर तो काढायचा नव्हता.

वैशाखात रतनच्या लग्नाची वरात निघाली तेव्हा त्याने एक उपाय करून ठेवला होता. वरातीच्या चालीत चढताना तो घोगरा सूर जिथे येई, तिथे तो न वाजवता मागच्या सुरावर किंचित रेंगाळून थेट पुढच्यावर उडी मारायची. महिनाभर वाफ्याच्या बांधावर बसून त्याने ती उडी बोटांत आणली होती. वऱ्हाड नाचत राहिले. रामनाथशेठ मात्र ताशाच्या बाजूने त्याच्याजवळ सरकले.

“सूर खाल्लास.”

“हो.”

“का?”

“कर्णा बदलला.”

रामनाथशेठनी तांबूस लाकडाकडे पाहिले. “मुंबईचा कुठाय?”

“घरी.”

“हे काय लावलंयस? मुसळ?” आणि मग, वाजवणाऱ्यांकडे तोंड करून पण त्याला ऐकू जाईल असे, “पुढच्या सराईपासून ट्रंपेट पुढे. क्लारनेट मागे उभं राहील.”

काशीनाथने वाद्य पुन्हा ओठांना लावले. हे होणार असे त्याने धरलेच होते. फक्त इतक्या लवकर, वरात चालू असताना, ते ऐकावे लागेल असे वाटले नव्हते.

पाठवणीला बायजाबाई ओटीवर आल्या. त्यांनी नेहमीची जागा घेतली, काशीनाथ गुडघ्याशी बसला. जमलेल्या बायकांपैकी बोर्डीच्या बऱ्याच होत्या, माघातले लग्न त्यांनी पाहिले होते. त्या एकमेकींकडे बघत होत्या. बायजाबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. तळहात त्यांनी कर्ण्याच्या तोंडासमोर, न टेकवता, धरला आणि काशीनाथला मान हलवून खूण केली.

पहिली ओळ विहिरीची होती. दुसरी, रतनने लहानपणी खेळत असताना वाकवलेल्या पपनसाच्या फांदीची. बायका उचलत गेल्या, दर ओळीअखेर एका जागी येऊन थांबत गेल्या. अकराव्या ओळीपर्यंत काशीनाथ मोजत होता. त्यानंतर त्याने मोजणे सोडले. विसरलेल्या सोळा ओळी बायजाबाईंना आठवल्या की त्या जागच्या जागी नव्या जुळवल्या, हे घरातल्यांनाही सांगता आले नाही. एका ओळीत त्यांनी रतनच्या हातून फुटलेल्या लोणच्याच्या बरणीचा निरोप घेतला, तेव्हा रडता रडता रतनसुद्धा हसली. शेवटचा निरोप आजीचा, त्या ओळीत त्यांचे स्वतःचे नाव यायला हवे होते. बायजाबाईंनी ते घेतले नाही. त्यांनी नुसता सूर धरून ठेवला, बाकीच्या बायका थांबल्यावरही, आणि काशीनाथने खालून तो सोडला नाही. मोटार वाडीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा दोघांचे श्वास एकाच वेळी संपले.

क्लॅरिनेट वाजले का, असे त्या दिवशी ओटीवरच्या कोणाला विचारले असते तर बहुतेकांना सांगता आले नसते. काशीनाथला त्यातच समाधान होते, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. मागच्या रांगेत उभे राहणे त्याला पुढची कितीतरी वर्षे टोचत राहिले, आणि रामनाथशेठशी त्याचे बोलणे कामापुरतेच उरले. बायजाबाई आणखी चार लग्नांत गायल्या. शेवटचे १९६२ च्या फाल्गुनात, आणि पुढच्या वर्षी गेल्या. त्यांच्यानंतर ज्या बायका गाऊ लागल्या त्यांना खालून सूर नको होता. आता कर्णा बदलायला हरकत नाही, असे कुसुमबाईने त्याला एकदा सुचवले. एबोनाइटचा घरातच होता. ती त्याचा उपयोग बाटलीत घासलेट ओतायला करीत असे. काशीनाथ म्हणाला, राहू दे, आता बोटांना उडीची सवय झाली.

साठच्या दशकाच्या मध्यावर डहाणू आणि तलासरीकडच्या दोन-तीन नव्या बँडांत वरातीची ती चाल उडीसकट वाजू लागली होती. त्या पोरांनी ती काशीनाथच्या मागे उभे राहून, ऐकून उचलली होती. त्यांच्या क्लॅरिनेटांना चांगले कर्णे होते, तो सूर त्यांना नीट वाजवता आला असता. मागच्या सुरावर रेंगाळून ते पुढच्यावर जात, आणि विचारले तर सांगत की चाल तशीच आहे.